वर्तन कोणाचे बदलायचे? नागरी स्वच्छता, वर्तनबदल आणि जनवकिली : एक प्रस्तावना

शहराच्या स्वच्छतेचा विचार होतो तेव्हा दोन कामे सहसा दोन वेगळ्या हातांत सोपवली जातात. लोकांनी शौचालय वापरावे, साबणाने हात धुवावेत, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा, हे सांगण्याचे काम प्रबोधन करणाऱ्यांकडे जाते. शौचालये बांधणे, नळ टाकणे, मैला वाहून नेणे आणि त्यावर प्रक्रिया करणे हे महापालिकेचे व तिच्या अभियंत्यांचे काम मानले जाते. या वाटणीचा परिणाम असा होतो की प्रबोधन करणारा फक्त वस्तीकडे तोंड करून बोलतो, अभियंता फक्त नकाशाकडे पाहतो, आणि ज्या शौचालयाचा आग्रह धरला जात आहे त्यात पाणी येते का, दाराला कडी आहे का, टाकी शेवटची कधी उपसली गेली, हे विचारणारा कोणीच उरत नाही. वर्तनबदल आणि जनवकिली ही दोन्ही कौशल्ये एकाच कार्यकर्त्याने एकत्र शिकण्याची गरज येथेच निर्माण होते. ते शिकणे कशाचे असते, कसे घडते आणि त्यात कोणत्या चुका संभवतात, हे मांडणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

प्रथम दोन्ही संज्ञांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. वर्तनबदल म्हणजे केवळ माहिती देणे नव्हे. एखादी विशिष्ट कृती, विशिष्ट व्यक्तींनी, विशिष्ट जागी आणि वेळी करावी व ती पुढे सवयीने होत राहावी, यासाठी केलेला हेतुपूर्वक प्रयत्न म्हणजे वर्तनबदलाचे काम होय. 'स्वच्छता पाळा' हे त्यामुळे वर्तनबदलाचे उद्दिष्ट होऊ शकत नाही, कारण त्यात कृती कोणती आणि ती कोणाची हे सांगितलेले नाही. 'लहान मुलाची विष्ठा गटारात न टाकता शौचालयात टाकावी' हे मात्र होऊ शकते. जनवकिली हा शब्द न्यायालयातील वकिलीवरून घडलेला असला तरी त्याचा व्याप मोठा आहे. ज्यांच्या हाती निर्णय, निधी किंवा नियम आहेत त्यांनी लोकहिताच्या बाजूने निर्णय घ्यावा म्हणून पुरावे गोळा करणे, निवेदन देणे, पाठपुरावा करणे, जनमत तयार करणे आणि वेळ पडल्यास न्यायालयात जाणे, हे सर्व तिच्यात मोडते. वरवर पाहता पहिले काम घराघरांत चालते आणि दुसरे कार्यालयांत. परंतु नीट पाहिल्यास जनवकिली हाही वर्तनबदलच आहे. फरक इतकाच की तेथे बदलायचे असते ते निर्णयकर्त्याचे, अधिकाऱ्याचे आणि संस्थेचे वर्तन.

शहराच्या बाबतीत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण खेड्यातील शोषखड्ड्याचे शौचालय आणि शहरातील शौचालय यांच्यात मूलभूत भेद आहे. मोकळी जागा असलेल्या गावात एका कुटुंबाने दोन खड्ड्यांचे शौचालय बांधले आणि वापरले, तर मैल्याचा प्रश्न बऱ्याच अंशी त्याच अंगणात सुटतो. शहरात मात्र पाणी ओतल्यानंतर मैला केवळ दृष्टीआड होतो. पुढे तो साठणे, उपसला जाणे, वाहून नेला जाणे, त्यावर प्रक्रिया होणे आणि अखेरीस त्याची सुरक्षित विल्हेवाट किंवा पुनर्वापर होणे, अशा पाच टप्प्यांतून जावा लागतो. या टप्प्यांच्या क्रमाला स्वच्छता-साखळी म्हणतात, आणि तिचा एक दुवा तुटला की एका घराची स्वच्छता दुसऱ्या वस्तीची घाण बनते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील नागरी कुटुंबांपैकी ३२.७ टक्के कुटुंबांचे शौचालय मलनिस्सारण वाहिनीला जोडलेले होते, तर ३८.२ टक्के कुटुंबे सेप्टिक टाकीवर अवलंबून होती. महाराष्ट्राच्या शहरांत त्याच वेळी दर पाच कुटुंबांपैकी सुमारे एक कुटुंब सार्वजनिक शौचालय वापरत होते. म्हणजे येथील प्रश्न 'शौचालय आहे की नाही' एवढ्यावर संपत नव्हता. ते कोणाच्या देखभालीत आहे आणि त्यातून बाहेर पडणारे कोठे जाते, हेही विचारावे लागत होते.

सेप्टिक टाकीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. अशा टाकीत जड भाग तळाशी बसतो, हलका भाग तवंगासारखा वर राहतो आणि मधले तुलनेने निवळ पाणी बाहेर पडते. तळाचा गाळ, ज्याला मैलागाळ म्हणतात, दर दोन-तीन वर्षांनी उपसला नाही तर टाकीची धारणक्षमता घटत जाते आणि पुढे घन मैलाच पाण्याबरोबर उघड्या गटारात वाहू लागतो. तरीही 'आमची टाकी पंधरा वर्षांत एकदाही भरली नाही' हे घरमालक अभिमानाने सांगतो, कारण टाकी तुंबणे हीच त्याच्या लेखी बिघाडाची एकमेव खूण असते. त्याला केवळ समजावून सांगणे पुरेसे नाही, कारण टाकीचे झाकण अनेकदा फरशीखाली गाडलेले असते, गल्लीत उपशाची गाडी शिरत नाही आणि उपशाचा खर्च एकदम अंगावर येतो. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या शहरांनी याचे उत्तर व्यवस्थेच्या बाजूने शोधले. तेथे मालकाने बोलावण्याची वाट न पाहता तीन वर्षांच्या फेरीने टाक्या उपसण्याचे वेळापत्रक आखले गेले, त्याच्या खर्चासाठी स्वच्छता कराचा आधार घेतला गेला आणि उपसलेल्या मैलागाळावर प्रक्रिया करणारे केंद्र उभे राहिले. नागरिकाकडून अपेक्षित वर्तन त्यामुळे 'स्वतः आठवण ठेवून पैसे काढणे' इतके अवघड न राहता 'गाडी दारात आल्यावर झाकण उघडू देणे' इतके सोपे झाले. वर्तन बदलण्याआधी ते सोपे करावे लागते, आणि ते सोपे करण्याचा निर्णय नगरपरिषदेच्या सभागृहात होतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात या विषयाचे धडे पुरेसे आहेत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ पसरली तेव्हा ब्रिटिश अधिकारी रँड याच्या अधिकाराखाली सैनिकांकरवी घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि सामानाची जाळपोळ झाली. या उपायांमागे वैद्यकीय हेतू होता, तरी लोकांच्या घराची, देवघराची आणि स्त्रियांच्या मर्यादेची कदर न केल्यामुळे रुग्ण लपवण्याची प्रवृत्ती वाढली आणि असंतोषाचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाले. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकाच रोगाविरुद्ध दोन मार्ग दिसले : एकाने हुकूम आणि झडती यांवर भिस्त ठेवली, तर दुसऱ्याने सेवेतून विश्वास मिळवला. सार्वजनिक आरोग्याच्या कामात विश्वास हा सोयीचा अलंकार नसून कामाचे साधनच असतो, हे यातून स्पष्ट होते.

पुढे गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) जी पद्धत घडवली तिच्याकडे केवळ संतचरित्राचा भाग म्हणून न पाहता लोकशिक्षणाचे तंत्र म्हणून पाहिल्यास पुष्कळ शिकण्यासारखे आहे. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, या क्रमात कृती आधी आणि उपदेश नंतर होता. कीर्तनातही ते श्रोत्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत, त्यामुळे निष्कर्ष लादलेला न वाटता सभेचा स्वतःचा ठरे. कोकणात आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. मैला उचलण्याचे काम विशिष्ट जातीवर लादले जाते तोवर स्वच्छता ही अस्पृश्यतेचीच दुसरी बाजू राहते, या जाणिवेतून १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी ते काम स्वतःला करू द्यावे म्हणून उपोषण केले आणि पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात सोयीची शौचालये व सोनखत, म्हणजे मैल्यापासून तयार केलेले खत, यांवर प्रयोग केले. शौचालयाचा आराखडा बदलणे हाही समाजपरिवर्तनाचा मार्ग असू शकतो, हे त्यांच्या कार्याचे सार म्हणता येईल.

आधुनिक वर्तनशास्त्राने या अनुभवांना संज्ञांची चौकट दिली. २०११ मध्ये सुसान मिकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या प्रतिमानानुसार कोणतीही कृती घडण्यास क्षमता, संधी आणि प्रेरणा या तीन गोष्टी लागतात. क्षमता म्हणजे ती कृती करण्याचे शारीरिक व मानसिक सामर्थ्य. संधी म्हणजे जागा, वेळ, साधन आणि भोवतालच्या माणसांची अनुमती. प्रेरणा म्हणजे ती करावीशी वाटणे, मग ते विचारपूर्वक असो वा सवयीने. बहुतेक मोहिमा केवळ प्रेरणेवर, आणि तिच्यातही केवळ रोगाच्या भीतीवर, भर देतात. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्याच्या खेड्यांत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हात धुण्याविषयीच्या अभ्यासात जंतूंचे भय न दाखवता किळस, मुलांविषयीचे वात्सल्य आणि चांगल्या घराची रीत या भावनांना आवाहन केले गेले, आणि साबणाने हात धुण्याचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे आढळले. क्षमता, संधी आणि प्रेरणा या तीन घटकांबरोबर सामाजिक संकेत ही संज्ञाही लक्षात घ्यावी लागते : इतर लोक काय करतात आणि आपण काय करावे अशी त्यांची अपेक्षा आहे, याविषयी माणसाने धरलेला समज म्हणजे सामाजिक संकेत. भाडेकरूंची ये-जा असलेल्या शहरी वस्तीत हा समज विरळ असतो, कारण तेथे शेजारी वर्षागणिक बदलतात. म्हणून गावात जे काम पंचांच्या शब्दाने होते त्यासाठी शहरात गल्ली समिती, महिला बचत गट किंवा चाळीतील मंडळ यांचा आधार घ्यावा लागतो.

संधीचा अर्थ किती ठोस असू शकतो हे पुण्यात १९९९ ते २००१ या काळात महापालिकेने स्वयंसेवी संस्थांच्या सहभागाने उभारलेल्या सामुदायिक शौचालयांच्या कार्यक्रमात दिसले. त्या काळात ४०० हून अधिक संकुले बांधली गेली आणि त्यांतील अनेकांच्या आराखड्यात महिला मिलनसारख्या संघटनांतील वस्तीच्या स्त्रियांचे अनुभव उतरले. लहान मुले उघड्यावर बसतात याचे कारण 'संस्कार नाहीत' असे सांगितले जाई; स्त्रियांनी दाखवून दिले की सकाळच्या रांगेत मोठी माणसे मुलांना मागे ढकलतात, आसनाचे भोक मुलांना भीतिदायक मोठे असते आणि अंधाऱ्या खोलीत ती एकटी जात नाहीत. म्हणून मुलांसाठी लहान आसनांची, धरण्यास दांडी असलेली वेगळी शौचालये, स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र प्रवेश, पाण्याचा साठा आणि देखभाल करणाऱ्या कुटुंबासाठी खोली अशी रचना झाली. वर्तनाचे निदान ज्यांचे ते वर्तन आहे त्यांच्याकडून ऐकून घेतले की दोषारोपाची जागा आराखडा घेतो.

लोकांचा वाटा कोठे संपतो आणि शासनाचा कोठे सुरू होतो, याची स्वच्छ मांडणी कराचीतील ओरंगी वस्तीत झाली. अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात एका गल्लीतील वीस-तीस घरांनी एकत्र येऊन, आपला प्रमुख निवडून, स्वतःच्या पैशाने घरातील शौचालय आणि गल्लीतील मलवाहिनी बांधली; मोठी वाहिनी आणि प्रक्रिया केंद्र ही मात्र शासनाची जबाबदारी मानली गेली. स्वतःचे काम पूर्ण केलेली गल्ली जेव्हा 'आता मोठी वाहिनी द्या' असे म्हणते, तेव्हा तिच्या मागणीला वेगळेच वजन येते. वर्तनबदल जनवकिलीला नैतिक बळ देतो तो असा. परंतु हे बळ हक्काची पूर्वअट मात्र मानू नये. मध्य प्रदेशातील रतलामच्या नागरिकांनी उघडी गटारे आणि रस्त्यावरील घाण यांविरुद्ध केलेल्या तक्रारीवर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय देताना, पैसा नाही ही सबब पुढे करून नगरपालिकेला मूलभूत स्वच्छतेची वैधानिक जबाबदारी टाळता येणार नाही, असे स्पष्ट केले.

जनवकिलीचे सर्वांत साधे आणि प्रभावी हत्यार म्हणजे मोजणी. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या 'राइट टू पी' या मोहिमेने पुरुषांना मुतारी मोफत मिळते आणि स्त्रियांना त्याच गरजेसाठी पैसे मोजावे लागतात, हा रोजचा आणि म्हणूनच कोणाच्या डोळ्यांत न खुपणारा भेद पुढे आणला. त्यासाठी कार्यकर्त्यांनी शौचालयांची पाहणी केली, माहिती मागवली, सह्या गोळा केल्या. पुण्यातील 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाच्या विश्वस्त संस्थेने याच प्रश्नावर केलेल्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित शौचालयांची योजना आखण्याचे निर्देश दिले. नियमांतील आकडेही असेच उपयोगी पडतात. स्वच्छ भारत अभियानाच्या नागरी निकषानुसार सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक आसन असावे लागते. म्हणजे ३०० स्त्रियांच्या वस्तीला १२ आसने हवीत. सकाळच्या दोन तासांत प्रत्येकीला पाच मिनिटे धरली तरी एका आसनावर २४ जणींचीच सोय होते, हा हिशेब फळ्यावर मांडला की 'बायका रांगेला कंटाळून आडोशाला जातात' या शेऱ्यातील कंटाळा हा स्वभावदोष नसून अंकगणित आहे, हे अभियंत्यालाही पटते.

स्वच्छता-साखळीतील सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे ती चालवणारे कामगार. पुण्यातील कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही १९९३ मध्ये स्थापन झालेली संघटना आणि तिच्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था यांनी हे दाखवून दिले की कचरा वर्गीकरण ही पर्यावरणाची बाब आहे तशी ती कचरा हाताळणाऱ्या स्त्रीच्या प्रतिष्ठेचीही बाब आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, असे आवाहन करणारी त्यांची मोहीम अत्यंत लहान कृती मागते, पण त्या कृतीतून कचरा उचलणारी व्यक्ती नागरिकाला प्रथमच दिसते. गटारात आणि टाकीत उतरणाऱ्या कामगारांच्या मृत्यूंच्या बाबतीत तर प्रबोधन पुरेसे नाही. हाताने मैला साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या वारसांना १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाखांपर्यंत वाढवली. तरीही असे मृत्यू थांबलेले नाहीत. येथे बदलायचे वर्तन ठेकेदाराचे, सोसायटीच्या चिटणिसाचे आणि यंत्रसामग्रीची खरेदी लांबवणाऱ्या कार्यालयाचे आहे.

या क्षेत्रातील नैतिक धोकाही येथे नोंदवला पाहिजे. उघड्यावर शौचास बसणाऱ्यांना पहाटे गाठून शिट्ट्या वाजवणारी, गुलाबाचे फूल देणारी किंवा दंड करणारी 'गुड मॉर्निंग पथके' महाराष्ट्रात परिचित आहेत. १९९९-२००० च्या सुमारास कमल कार यांनी बांगलादेशात विकसित केलेल्या लोकप्रेरित पद्धतीतही गावकऱ्यांनी आपल्या मैल्याचा नकाशा स्वतः काढून किळस अनुभवण्यावर भर होता. परंतु समूहाने स्वतः केलेल्या आत्मपरीक्षणातील लाज आणि अधिकाऱ्याने दुबळ्यावर लादलेली लाज यांत मोठे अंतर आहे. ज्याच्याकडे जागा, पाणी वा भाडेहक्क नाही त्याला लाजवल्याने शौचालय निर्माण होत नाही, फक्त तो अधिक लांबचा आणि अधिक असुरक्षित आडोसा शोधतो. त्याची सर्वाधिक किंमत स्त्रिया, वृद्ध आणि अपंग व्यक्ती मोजतात. हागणदारीमुक्तीच्या प्रमाणपत्राची घाई असते तेव्हा ही सीमारेषा प्रथम पुसली जाते.

मग हे कौशल्य शिकायचे कसे? व्याख्यानाने संज्ञा कळतात, कौशल्य येत नाही; म्हणून शिक्षणाचा पहिला पाठ वस्तीत चालण्याचा असावा. शिकणाऱ्याने पहाटे रांगेपाशी उभे राहावे, दुपारी नळ उघडून पाहावा, रात्री दिवा लागतो का हे तपासावे, उपशाच्या गाडीमागे ती कोठे रिकामी होते तेथवर जावे. दुसरा पाठ निदानाचा : दिसलेल्या प्रत्येक अडचणीसमोर क्षमता, संधी की प्रेरणा, यांपैकी काय कमी पडते ते लिहावे आणि त्यापुढे ती उणीव कोण भरू शकतो त्याचे पद लिहावे. तिसरा पाठ कार्यालयीन व्यवहाराचा : घनकचरा, मलनिस्सारण आणि झोपडपट्टी सुधारणा ही कामे कोणत्या खात्याकडे आहेत, प्रभाग समितीपुढे विषय कसा येतो, माहिती अधिकाराचा अर्ज नेमका कसा लिहावा, आणि अंदाजपत्रक आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वीच ठरत असल्याने मागणी केव्हा पोहोचली पाहिजे, हे जाणल्याशिवाय उत्तम निवेदनही फाइलीत पडून राहते. चौथा पाठ मापनाचा : बांधलेल्या आसनांची संख्या हे यशाचे माप नसून सहा महिन्यांनी त्यांतील किती चालू आहेत आणि कोण ती वापरत नाही, हे माप होय.

हे चारही पाठ एकत्र घेतले म्हणजे प्रारंभीची वाटणी टिकत नाही, कारण शिकणाऱ्याच्या वहीत एकाच पानावर दोन स्तंभ तयार होतात : एकात वस्तीने करायच्या कृती आणि दुसऱ्यात कार्यालयाने करायच्या कृती. पहिला स्तंभ भरलेला आणि दुसरा कोरा असेल तर ती मोहीम गरिबांना उपदेश करणारी ठरते. दुसरा भरलेला आणि पहिला कोरा असेल तर मंजूर झालेली शौचालये कुलपात किंवा मोडक्या अवस्थेत राहतात. कार्यकर्ता पुढच्या वस्तीकडे गेल्यावर ती वही कोणाच्या हाती राहते, यावर या शिक्षणाचे अखेरचे मूल्यमापन अवलंबून आहे. नळ कोरडा पडलेल्या सकाळी गल्लीतील एखादी बाई दुसऱ्या स्तंभातील पद वाचून योग्य त्या दारात जाऊन उभी राहू शकली, तर ते शिक्षण पूर्ण झाले असे म्हणता येईल.